दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद : वैभव, विपत्ती आणि ज्ञानदान

मनुष्याच्या हाती आलेल्या धनाला तीन वाटा असतात, असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते. ते दिले जाते, भोगले जाते किंवा नाश पावते. बहुतेकांच्या आयुष्यात यांपैकी एखादीच वाट ठळकपणे दिसते. एकाच पुरुषाच्या आयुष्यात, तेही अवघ्या पाच-सहा वर्षांच्या अवधीत, धनाच्या या तिन्ही गती पाहावयास मिळाव्यात, असे उदाहरण विरळा. मुंबईच्या व्यापारी इतिहासात असे एक नाव आहे. ते म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद.

मुंबईतील ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उभा असलेला राजाबाई टॉवर ठाऊक नाही असा मुंबईकर सापडणे कठीण. मात्र ही राजाबाई कोण, तिचे नाव या मनोऱ्यास कोणी दिले, आणि देणाऱ्याचे पुढे काय झाले, हे ठाऊक असणारे थोडे. आपल्या समाजातील नव्या पिढीला तर हा मनोरा एका जैन श्रावकाने आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून उभा राहिला, याचीही अनेकदा कल्पना नसते. म्हणून या श्रेष्ठींचे चरित्र गुणदोषांसह जाणून घेणे उचित ठरेल.

सुरतेहून मुंबईस

प्रेमचंदजींचा जन्म १८३१ साली सुरत येथे एका श्वेतांबर जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे व्यापारी होते. मातोश्रींचे नाव राजाबाई. एकेकाळी मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील मुख्य बंदर असलेल्या सुरतेचे वैभव तोपर्यंत ओसरले होते. तापीच्या मुखाशी गाळ साचत होता आणि व्यापार मुंबईकडे सरकला होता. सुरतेतील अनेक वाणी, जैन, पारशी व बोहरा कुटुंबे उदरनिर्वाहासाठी मुंबईची वाट धरीत होती. रायचंद शेठही आपल्या कुटुंबासह मुंबईस आले.

मुंबईत आल्यावर प्रेमचंदजींच्या शिक्षणात एक महत्त्वाची गोष्ट घडली. त्या काळी व्यापारी घरातील मुलास हिशेब, व्याज-बट्टा आणि जमाखर्चाच्या वह्या लिहिता आल्या की शिक्षण पुरे झाले असे समजत. प्रेमचंदजींनी मात्र इंग्रजी भाषा शिकून घेतली. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारे मुंबईतील ते पहिले देशी दलाल मानले जातात. एवढ्या एका गोष्टीने त्यांचे पुढील आयुष्य घडविले.

१८४९ च्या सुमारास, वयाच्या अठराव्या वर्षी, रतनचंद लाला या दलालांचे साहाय्यक म्हणून त्यांनी कामास आरंभ केला. रतनचंद शेठ यांना इंग्रजी येत नसल्याने इंग्रज व्यापारी व बँकांचे व्यवस्थापक यांच्याशी बोलणी करण्यासाठी त्यांना विश्वासू माणूस हवा होता. प्रेमचंदजींनी ती जागा उत्तम प्रकारे भरून काढली. रतनचंद शेठ यांच्या निधनानंतर तो व्यवसाय त्यांनी स्वतःच्या नावाने पुढे चालविला.

त्या काळी मुंबईत शेअरबाजाराची इमारतही नव्हती आणि नियमही नव्हते. टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या जागेत, वडाच्या झाडांखाली दलाल मंडळी जमत. बँकांचे व मोजक्या कंपन्यांचे भाग, कापूस, हुंड्या यांचे सौदे तोंडी ठरत आणि तोंडचा शब्द हाच करारनामा असे. १८६० च्या सुमारास अशा दलालांची संख्या साठच्या आसपास होती. त्या वडाखालच्या गर्दीत तिशीच्या आतील प्रेमचंदजींचे नाव अग्रभागी आले. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती आणि दिवसभराचे सौदे कागदावर न टिपता ते ध्यानात ठेवीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यांच्या शब्दास बाजारात मोल होते, आणि दलालाच्या धंद्यात याहून मोठे भांडवल नसते.

बातमीचे मोल

प्रेमचंदजींच्या यशाचे मर्म केवळ धाडसात नव्हते. बाजारात भांडवलाइतकीच किंमत बातमीला असते, हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले होते.

मुंबईच्या कापसाचा भाव मुंबईत ठरत नसे. तो इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बाजारात ठरे, कारण लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस तेथे उतरत असे. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला आणि समुद्राखालून टाकलेली तार मुंबईस १८७० साली येऊन पोहोचली. त्यापूर्वी इंग्लंडची डाक भूमध्य समुद्रातून इजिप्तमध्ये येई, तेथून जमिनीवरून सुएझला नेली जाई आणि पुन्हा बोटीवर चढून मुंबईस येई. या प्रवासात कित्येक आठवडे जात. त्यामुळे डाकेची बोट बंदरात आली की लिव्हरपूलचे ताजे भाव एकाच वेळी साऱ्या बाजारात पसरत आणि मग तेजी-मंदीची धांदल उडे.

ही बातमी इतरांपेक्षा काही तास आधी मिळाली तर? प्रेमचंदजींनी त्यासाठी साधा पण अचूक मार्ग शोधला. डाकेची बोट बंदराबाहेर दिसू लागताच त्यांची माणसे लहान होड्यांतून समुद्रात जाऊन तिला गाठीत आणि लिव्हरपूलच्या भावांचा कागद मिळवून माघारी फिरत, असे सांगितले जाते. बोट नांगर टाकून टपाल उतरवीपर्यंत प्रेमचंदजींचे सौदे झालेले असत. इंग्रजी येत असल्याने वृत्तपत्रे व व्यापारी पत्रे वाचण्यासाठी त्यांना दुभाषा लागत नसे. दुसऱ्याला जो अर्थ सायंकाळी कळे, तो त्यांना सकाळीच कळलेला असे.

आज जगातील कोणत्याही बाजाराचा भाव क्षणार्धात हाती येतो आणि अशी माहिती पुरविणे हाच एक प्रचंड व्यवसाय झाला आहे. त्या व्यवसायाचे बीज मुंबईच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांतून रुजले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कापसाची तेजी

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण या दोन विभागांत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि तेथील कापूस बाहेर पडणे थांबले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून येत असे. तो बंद होताच गिरण्या ओस पडू लागल्या आणि इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड व धारवाडकडील कापूस मुंबईच्या बंदरातून बाहेर जाऊ लागला. त्याचे भाव अनेक पटींनी वाढले. लोकांनी घरातील गाद्या-उशा उसवून त्यांतील कापूस विकला, अशा हकिकती त्या काळाविषयी सांगतात.

इंग्लंडमधून त्या कापसाच्या मोबदल्यात सोने-चांदी मुंबईत येऊन पडू लागली. एवढा पैसा गुंतवावा कोठे, असा प्रश्न शहरापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर म्हणून कंपन्या निघू लागल्या. बँका, विमा, जहाज, कापूस दाबण्याचे कारखाने, समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या योजना, अशा नाना कंपन्यांचे पेव फुटले. जानेवारी १८६५ पर्यंत एकट्या मुंबईत ३१ बँका, १६ वित्त कंपन्या आणि जमिनीच्या ८ कंपन्या उभ्या होत्या. दलालांची संख्याही दोनशेच्या वर गेली.

या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंदजी होते. नवी कंपनी निघावयाची तर तिला त्यांचा आशीर्वाद हवा, असे लोक मानीत. भाग कोणाला किती द्यावयाचे हे पुष्कळदा त्यांच्या शब्दावर ठरे आणि त्यासाठी त्यांच्या दाराशी सर्व जातिधर्मांच्या लोकांची रीघ लागे. भायखळ्याच्या त्यांच्या प्रेमोद्यान या बंगल्यात मोठमोठे अधिकारी व व्यापारी येत-जात असत. सरकारचा हात असलेल्या बँक ऑफ बॉम्बेत त्यांचे वजन इतके वाढले, की त्यांच्या शिफारशीवर लाखो रुपयांची कर्जे मंजूर होऊ लागली.

या काळातील सर्वांत गाजलेली योजना बॅकबे रेक्लमेशन कंपनीची. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतचा पश्चिमेकडील समुद्र हटवून जमीन तयार करावी, ही तिच्यामागील कल्पना. तिच्या पाच हजार रुपयांच्या भागासाठी लोक पन्नास हजार रुपये मोजावयास तयार झाले. जमीन अजून समुद्राखालीच होती, पण तिच्या कागदाची किंमत दहापट झाली होती. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी प्रेमचंदजी मुंबईचे अनभिषिक्त राजे झाले होते.

मातोश्रींच्या नावे मनोरा

ऐश्वर्याच्या या ऐन मध्यान्ही प्रेमचंदजींनी दानाचा जो प्रवाह सुरू केला, त्याने त्यांचे नाव अमर झाले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली होती, पण त्यास स्वतःची इमारत नव्हती. १८६४ च्या ऑगस्टमध्ये प्रेमचंदजींनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, ग्रंथालयास जोडून घड्याळाचा मनोरा बांधण्यासाठी त्यांनी आणखी दोन लाख रुपये देऊ केले. या देणगीच्या बदल्यात त्यांनी स्वतःचे नाव मागितले नाही. मनोऱ्यास मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

या वास्तूचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विख्यात इंग्रज वास्तुविशारदाने केला. त्यांनी तो इंग्लंडमध्ये बसूनच तयार केला आणि मुंबई स्वतः कधी पाहिली नाही. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पूर्ण झाले. एकूण खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये आला. कुर्ल्याचा पिवळसर दगड वापरून बांधलेला हा मनोरा २८० फूट उंच असून त्या काळी मुंबईत इतकी उंच इमारत दुसरी नव्हती. त्याच्या वरच्या भागात पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आपापल्या पेहरावात उभे आहेत. ही शिल्पे रावबहादूर मुकुंद रामचंद्र या देशी अभियंत्याच्या देखरेखीखाली घडली. इंग्रजी पद्धतीच्या इमारतीवर या देशाची माणसे विराजमान झाली, हे त्या मनोऱ्याचे एक वैशिष्ट्य होय.

या मनोऱ्याविषयी एक आख्यायिका जैन घरांत आवर्जून सांगितली जाते. राजाबाई अत्यंत धर्मनिष्ठ होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा त्यांचा नेम होता. वार्धक्यात त्यांची दृष्टी गेली, त्यामुळे दिवस किती उरला हे त्यांना कळेना. घड्याळाच्या टोल्यांवरून वेळ कळावी आणि कोणाच्या साहाय्यावाचून त्यांचा नेम पाळला जावा, म्हणून पुत्राने हा मनोरा बांधविला, अशी ती कथा. इतिहासाच्या कसोटीवर तिला कागदोपत्री आधार देता येईल असे नाही. तरीही रात्रिभोजनत्यागाचे व्रत पाळणाऱ्या आईच्या नावाने उभा राहिलेला मनोरा साऱ्या शहराला वेळेचे भान देतो, यातील औचित्य नाकारता येत नाही. ज्या समाजाने ही कथा जपली, त्याला त्या दानामागील मातृभक्ती नेमकी जाणवली होती.

ज्ञानदानाची दूरवरची फळे

प्रेमचंदजींचे दान मुंबईपुरते मर्यादित राहिले नाही. सुरतेत मुलींच्या शाळेस आणि भडोच येथे ग्रंथालयास त्यांनी वडिलांच्या नावे साहाय्य केले. अहमदाबादेत शिक्षक घडविणारे ट्रेनिंग कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले गेले. धर्मशाळा, मंदिरे व गोरगरीब यांच्यासाठीही त्यांनी सढळ हाताने खर्च केला. मुलींच्या शिक्षणास समाजात उघड विरोध होत असताना एका श्रेष्ठीने कन्याशाळेस हात द्यावा, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने साधी नव्हती.

सर्वांत दूरदृष्टीचे दान मात्र कलकत्त्यास गेले. १८६६ साली कलकत्ता विद्यापीठास त्यांनी दोन लाख रुपये दिले. त्या रकमेच्या व्याजातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळविण्यासाठी अत्यंत कठीण परीक्षा द्यावी लागे आणि ती मिळविणारा विद्वान आपल्या नावापुढे पदवीप्रमाणे पी. आर. एस. ही अक्षरे अभिमानाने लावीत असे. सर आशुतोष मुखर्जी, रामेंद्रसुंदर त्रिवेदी, भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी, इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार अशी बंगालमधील नामवंत मंडळी या शिष्यवृत्तीची मानकरी होती.

त्यांपैकी एक नाव महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. १८९७ साली ही शिष्यवृत्ती जदुनाथ सरकार यांना मिळाली. पुढे मोगल व मराठा इतिहासाचे थोर अभ्यासक म्हणून ते विख्यात झाले आणि १९१९ साली त्यांचे शिवाजी महाराजांवरील चरित्र प्रसिद्ध झाले. सुरतेच्या एका जैन पुत्राने मुंबईत कमाविलेला पैसा बंगालमधील विद्वानाच्या अध्ययनास लागावा आणि त्याच विद्वानाने पुढे छत्रपतींचे चरित्र लिहावे, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. ज्ञानदानाचे फळ कोठे आणि केव्हा पिकेल, हे दात्यास कधीच ठाऊक नसते. म्हणूनच आपल्या परंपरेने आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने ज्ञानाच्या दानाला स्थान दिले आहे.

१ जुलै १८६५

येथवरची कथा वाचताना मन प्रसन्न होते. पण चरित्र येथेच थांबविल्यास ते अर्धेच राहील.

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि युद्ध संपल्यात जमा झाले. ही बातमी मुंबईस पोहोचताच कापसाचा भाव कोसळला. ज्या पायावर साऱ्या कंपन्यांचा डोलारा उभा होता, तो पायाच निखळला. हजारो लोकांनी भागांच्या खरेदीचे वायदे १ जुलै या तारखेचे केले होते. तो दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्याजवळ पैसे नव्हते आणि देणाऱ्याजवळच्या कागदांना किंमत नव्हती. एकाच्या दिवाळ्याने दुसरा बुडाला आणि दुसऱ्याने तिसऱ्यास बुडविले. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांवर आला. या दिवाळखोरीच्या प्रकरणांचा निकाल लावण्यासाठी सरकारला १८६५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

या आपत्तीने कोणास सोडले नाही. नामांकित पारशी घराणी, भाटिया व वाणी व्यापारी, इंग्रज पेढ्या असे सर्वच तीत सापडले. जमशेटजी टाटा यांच्या वडिलांच्या पेढीसही तिची झळ लागली. परंतु सर्वाधिक करुण अवस्था झाली ती लहान माणसांची. कारकून, निवृत्त नोकरदार, किरकोळ दुकानदार, अशांनी आयुष्याची शिल्लक या कागदांत घातली होती. त्यांच्यापैकी अनेकांनी ती प्रेमचंदजींच्या नावावर विश्वासून घातली होती.

१८६६ साली प्रेमचंदजींचे स्वतःचेही दिवाळे निघाले. १८६८ साली बँक ऑफ बॉम्बे बंद करून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली, आणि जुन्या बँकेच्या नाशाची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला. शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मुभा देणारा १८६३ चा कायदा, संचालकांची ढिलाई, अधिकाऱ्यांचे दुर्लक्ष आणि प्रेमचंदजींचा बँकेवरील अवाजवी प्रभाव, ही सारी कारणे त्या चौकशीत उघड झाली. पुरेसे तारण न घेता त्यांना व त्यांनी सुचविलेल्या लोकांना प्रचंड रकमा दिल्या गेल्या होत्या.

हा दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. भगवान महावीरांनी श्रावकासाठी सांगितलेल्या अणुव्रतांत पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. धन मिळवू नये असे हे व्रत सांगत नाही. मिळविण्याला स्वतःहून मर्यादा घालावी, असे ते सांगते. १८६४ ची मुंबई ही मर्यादा विसरली होती आणि प्रेमचंदजी त्या विसरलेल्यांचे अग्रणी होते. पन्नास हजारांचा कागद उद्या साठ हजारांचा होईल, ही आशा जेव्हा साऱ्या शहराला ग्रासते, तेव्हा थांबा असे म्हणू शकणारा पुरुष एखादाच असतो. ज्याच्या शब्दावर सारे शहर थांबले असते, त्याने तो शब्द उच्चारला नाही. त्याची किंमत त्यांच्याबरोबर हजारो कुटुंबांना मोजावी लागली.

पडल्यानंतरची चाळीस वर्षे

एवढ्या उंचीवरून पडलेला माणूस बहुधा पुन्हा उभा राहत नाही. प्रेमचंदजी त्या वेळी अवघे पस्तीस वर्षांचे होते. मुंबई सोडून जाणे, नाव बदलणे, कोठेतरी दूर जाऊन राहणे हे त्यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. ज्या बाजारात ते बुडाले, त्याच बाजारात ते पुन्हा दलाल म्हणून उभे राहिले. पूर्वीचे साम्राज्य परत आले नाही, पण कष्टाने त्यांनी पुन्हा मान मिळविला. एकेकाळी ज्यांच्या दारात गर्दी लोटत असे, त्यांनी पुढील चार दशके आपला व्यवसाय बेताने चालविला.

१८७४ च्या सुमारास दलाल मंडळींना पुढे दलाल स्ट्रीट या नावाने प्रसिद्ध झालेल्या रस्त्यावर स्थिर जागा मिळाली. ९ जुलै १८७५ रोजी मुंबईच्या देशी दलालांनी नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन ही संस्था स्थापन केली. एक रुपया प्रवेश फी आणि ३१८ सभासद, असा तिचा आरंभ होता. हीच संस्था पुढे मुंबई शेअरबाजार म्हणून जगप्रसिद्ध झाली. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदजींचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. नियमाविना चाललेल्या बाजाराने काय अनर्थ होतो, हे ज्याने सर्वांत जवळून पाहिले होते, त्याच्या हयातीत आणि त्याच्या सहभागाने बाजाराला नियमांची चौकट मिळाली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अनुभवातून आलेले शहाणपण संस्थेच्या रूपाने मागे ठेवता येते, याचा तो दाखलाच होय.

१८७८ साली राजाबाई मनोरा पूर्ण झाला, तेव्हा प्रेमचंदजींचे ऐश्वर्य ओसरून एक तपाहून अधिक काळ लोटला होता. आपल्या संपत्तीतील इतर सर्व काही गेले असताना, दान म्हणून दिलेली रक्कम तेवढी दगडाच्या रूपाने उभी राहत असलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९०६ साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

उरले ते दिलेले

प्रेमचंदजींच्या आयुष्याचा हिशेब मांडावयाचा झाल्यास तो एखाद्या वहीप्रमाणेच दोन बाजूंनी मांडावा लागतो. बॅकबे कंपनीचे भाग, वायद्याचे कागद आणि बँकांतील खाती, यांपैकी काही उरले नाही. जे त्यांनी स्वतःजवळ ठेवले ते गेले. जे त्यांनी दिले ते राहिले, इतकेच नव्हे तर वाढले. मुंबईच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या अभ्यास करून गेल्या. कलकत्त्याच्या शिष्यवृत्तीने विद्वानांची परंपरा निर्माण केली. २०१५ साली राजाबाई मनोऱ्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला आणि २०१८ साली मुंबईतील व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तूंच्या समूहाबरोबर त्यास युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

यात आणखी एक बोध आहे. प्रेमचंदजींचे दान टिकले, कारण ते त्यांनी स्वतःच्या हाती ठेवले नाही. विद्यापीठासारख्या संस्थेच्या स्वाधीन केलेली रक्कम दात्याच्या दिवाळ्यातही सुरक्षित राहिली आणि तिच्या व्याजातूनही कार्य घडले. दात्याचे दिवस पालटतात, पण विश्वस्तांनी प्रामाणिकपणे सांभाळलेला निधी पालटत नाही. एखाद्या धर्मादाय संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा त्यामागे देणाऱ्याच्या औदार्याइतकीच सांभाळणाऱ्यांची निष्ठा असते. बँक ऑफ बॉम्बेच्या संचालकांना जे जमले नाही, ते लहान-मोठ्या न्यासांचे विश्वस्त वर्षानुवर्षे शांतपणे करीत असतात. त्यांची नावे कोणत्याही मनोऱ्यावर कोरली जात नाहीत, तरी त्यांचे पुण्य दात्याच्या पुण्याहून उणे नाही.

दिवस मावळतीला झुकला की ओव्हल मैदानावर राजाबाई मनोऱ्याच्या घड्याळाचे टोल ऐकू येतात. व्रतस्थ मातेला वेळ कळावी म्हणून ते वाजत असोत किंवा नसोत, ऐकणाऱ्या श्रावकास ते एक गोष्ट सांगतातच. दिवस मर्यादित आहे आणि जे द्यावयाचे ते उजेड आहे तोवर द्यावे. वैभवात औदार्य आणि विपत्तीत धैर्य दाखविणाऱ्या या श्रेष्ठींच्या दानाची अनुमोदना करावी, त्यांच्या स्खलनापासून सावध व्हावे आणि त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करावे, हेच उचित होय.